दुभाष्यासह व्याख्यान

१९३३ च्या हिवाळ्यात इस्तंबूल विद्यापीठातील अनेक वर्गांत एका व्याख्यानासाठी दोन माणसे उभी राहत. प्राध्यापक जर्मन किंवा फ्रेंचमध्ये दोन-तीन वाक्ये बोलून थांबे. शेजारचा साहाय्यक ती तुर्कीत सांगे आणि मग प्राध्यापक पुढचे वाक्य उचले. तासाचा निम्मा वेळ असा भाषांतरात जाई. उरलेल्या वेळात जे सांगितले त्यातले मुलांपर्यंत किती पोहोचले, हे प्राध्यापकाला कळायला मार्ग नसे, कारण ज्या भाषेत ते पोहोचत होते ती त्याला येत नव्हती. निर्वासन आणि संस्कृतींमधले अडसर या विषयांवरची आजची विद्यापीठीय चर्चा बहुधा इतकी अमूर्त असते की ऐकणाऱ्याच्या हाती शब्दच उरतात. इस्तंबूलच्या या वर्गांत तो अडसर डोळ्यांना दिसत होता. त्याला खुर्ची होती, पगार होता आणि कराराचे एक कलमही होते.

हे प्राध्यापक तिथे आले ते एका जर्मन कायद्यामुळे. ७ एप्रिल १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने सरकारी नोकरांविषयीचा एक कायदा केला. नाव साळसूद होते, ‘व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनर्स्थापनेचा कायदा’. जर्मनीत प्राध्यापक हे सरकारी नोकर असल्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा अध्यापकांना या एका कायद्याने घरी बसवता आले. फ्रँकफर्टचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्त्स हे जन्माने हंगेरीचे. ते आधीच झुरिचला निसटले होते आणि तिथे त्यांनी परदेशी गेलेल्या जर्मन संशोधकांना काम शोधून देणारी संस्था काढली होती. तिकडे तुर्कस्तानात जिनिव्हाचे शिक्षणतज्ज्ञ आल्बर्ट माल्श यांनी इस्तंबूलच्या जुन्या ‘दारुलफुनून’ या विद्यापीठावर कडक अहवाल दिला होता आणि अतातुर्कचे सरकार नवी माणसे शोधत होते. ६ जुलै १९३३ रोजी अंकारात शिक्षणमंत्री रेशित गालिप आणि श्वार्त्स यांची दिवसभर बैठक झाली. तुर्की बाजू एकेका विषयाचे नाव घेई आणि श्वार्त्स आपल्या यादीतून माणूस सुचवत. दिवस संपेपर्यंत सुमारे तीस जागा ठरल्या. श्वार्त्स यांच्या आठवणींनुसार, १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले तेव्हा तिथले विद्वान इटलीला गेले होते आणि आज युरोप ते ऋण फेडतो आहे, अशा अर्थाचे मंत्री बोलले. (त्या काळी तुर्कीत मंत्र्याला ‘वेकिल’ म्हणत, मराठीतला वकील तो हाच.)

या स्वागताची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. ३१ जुलैला दारुलफुनून बंद झाले, १ ऑगस्टला इस्तंबूल विद्यापीठ सुरू झाले, आणि या एका रात्रीत जुन्या संस्थेतील दीडशेहून अधिक तुर्की अध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आलेल्या परदेशी प्राध्यापकांचे पगार उरलेल्या तुर्की सहकाऱ्यांच्या कितीतरी पट होते. वर्गात दुभाष्याचे काम करणारा तरुण साहाय्यक बहुधा या दोन्ही गोष्टी जाणून असे.

करारात एक अट होती: साधारण तीन वर्षांत तुर्की शिकायचे, त्या भाषेत शिकवायचे आणि तुर्की विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके लिहायची. कागदावर अट वाजवी होती. अडचण अशी की शिकायची ती भाषाच तेव्हा जागेवर नव्हती. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली आणि १९२९ च्या आरंभापासून पुस्तके नव्या लिपीतच छापावी लागली. १९३२ च्या जुलैत भाषामंडळ स्थापन झाले आणि अरबी-फार्सी शब्द वेचून काढण्याची मोहीम सुरू झाली. शाळेला ‘मेक्तेप’ ऐवजी ‘ओकुल’, शिक्षकाला ‘मुअल्लिम’ ऐवजी ‘ओअरेत्मेन’, असे नवे शब्द घडवले किंवा जुन्या बोलींतून उकरून काढले जात होते. परक्या माणसाने वर्षभर घोकलेला शब्द वर्तमानपत्रातून नाहीसा झालेला असे. दुभाषी साहाय्यकालाही पारिभाषिक शब्दासाठी कधी जुना ओस्मानी, कधी फ्रेंच, तर कधी महिन्याभरापूर्वी जन्मलेला शब्द यांतून निवड करावी लागे.

मराठी वाचकाला या गोंधळाचा काही भाग ओळखीचा वाटेल. सावरकरांची भाषाशुद्धीची मोहीम याच दशकांतली, आणि फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तर शिवकाळातला. मोडी मागे पडल्यावर आजोबांच्या हातचे खरेदीखत वाचायला नातवाला जाणकार शोधावा लागतो, तसेच तुर्की घरांतही झाले. मात्र मोडी हळूहळू विझली. तुर्कस्तानात हे दोन-तीन महिन्यांत घडले, आणि तेही शब्दसंग्रह बदलण्याच्या मोहिमेला जोडून. खुद्द अतातुर्कने १९२७ मध्ये सहा दिवस दिलेले प्रदीर्घ भाषण पुढच्या पिढ्यांसाठी नव्या तुर्कीत उतरवून द्यावे लागले. तरी सगळे शब्द हटले नाहीत. कलम, हिशेब, शहर, खबर हे मराठीत स्थिरावलेले पाहुणे तुर्कीतही ‘कालेम’, ‘हेसाप’, ‘शेहिर’, ‘हाबेर’ म्हणून आजवर टिकून आहेत.

सगळ्या विषयांना भाषेचा अडसर सारखा नव्हता. शल्यचिकित्सक रुडॉल्फ निसेन १९३३ ते १९३९ इस्तंबूलमध्ये होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया पुढे जगभर रूढ झाली. शस्त्रक्रियागृहात शिष्य हातांकडे पाहून शिकतो, तिथे दुभाष्याचे काम थोडे. गणितात फळा बराच भार उचलतो. रिखार्ड फॉन मीझेस यांचे तिथे अडले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड हाइलब्रोन यांनी तर सुलेमानिये मशिदीजवळ वनस्पतिउद्यानच उभे केले.

कायद्यात मात्र शब्द हाच माल असतो. एर्न्स्ट हिर्श फ्रँकफर्टहून आले तेव्हा जेमतेम एकतिशीचे होते. त्यांना व्यापारी कायदा शिकवायचा होता. त्याचा पाया दिवाणी कायद्यात, आणि तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडचा दिवाणी कायदा जवळपास जसाच्या तसा घेतला होता आणि तो फ्रेंच आवृत्तीवरून तुर्कीत आणला होता. म्हणजे एक जर्मन माणूस स्विस कायद्याच्या फ्रेंच रूपाचे तुर्की भाषांतर तुर्की मुलांना समजावणार, तेही दुभाष्यामार्फत. या चौपदरी गाळणीतून काय उरेल याचा अंदाज हिर्श यांना लवकर आला असावा. त्यांनी नेटाने तुर्की आत्मसात केली, त्या भाषेत व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली आणि १९४३ मध्ये तुर्की नागरिकत्व घेतले. १९५६ मध्ये मंजूर झालेल्या तुर्की व्यापारी संहितेचा मसुदा मुख्यतः त्यांचा. अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ नॉयमार्क यांनीही तुर्कीत शिकवले, आणि १९५० मध्ये लागू झालेल्या तुर्की प्राप्तिकर कायद्यामागे त्यांचे काम होते. अंकारात नगररचना तुर्कीत शिकवणारे एर्न्स्ट रॉयटर पुढे पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. पण असे थोडेच. बरेच प्राध्यापक बाजारहाटापुरत्या तुर्कीपलीकडे गेले नाहीत आणि अखेरपर्यंत दुभाष्यावर विसंबून राहिले. वय, जर्मन बोलणाऱ्यांचा आपापसातला गोतावळा आणि अमेरिकेच्या पत्राची वाट या तीन गोष्टी तुर्कीच्या आड येत. तिसरी सर्वांत बलवान होती. ज्याला लवकरच निघायचे आहे तो क्रियापदांची रूपे पाठ करत नाही.

साहित्याच्या वर्गात हा अडसर सर्वांत उंच होता. आणि गंमत अशी की निर्वासनाच्या सिद्धांतात याच वर्गाचे नाव सर्वाधिक गाजले. इस्तंबूलमधली पाश्चात्त्य साहित्याची खुर्ची आधी लिओ श्पित्झर यांच्याकडे होती. ते व्हिएन्नाचे, रोमान्स भाषांचे पंडित. १९३३ ते १९३६ तिथे होते आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. ग्रंथालयात पुस्तके का नाहीत, असे त्यांनी विचारल्यावर पुस्तकांची फार काळजी आम्ही करत नाही, ती जळतात, असे उत्तर अधिष्ठात्याने दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. लाकडी घरांच्या आणि सततच्या आगींच्या शहरात तो विनोद तरी होता की अनुभव, सांगणे अवघड. श्पित्झर मात्र तुर्कीकडे कुतूहलाने पाहत. भाषा शिकण्याच्या अनुभवावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ‘वार्लिक’ या तुर्की नियतकालिकात आला.

त्यांच्या जागी एरिक आउअरबाख आले. जन्म बर्लिनचा, १८९२ चा. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढून पदक मिळवलेले. तरीही १९३५ मध्ये मारबुर्ग विद्यापीठातून काढलेले. ते १९३६ ते १९४७ अशी अकरा वर्षे इस्तंबूलमध्ये राहिले. १९३७ च्या आरंभी जर्मन समीक्षक वॉल्टर बेन्यामिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तुर्की भाषाक्रांतीबद्दल अस्वस्थता कळवली होती: जुन्या परंपरेशी नाते तोडून घाईने घडवलेले आधुनिकपण त्यांना उथळ वाटले आणि तरुणांना काही वर्षांपूर्वीचा मजकूरही परका होतो आहे हे खटकले. बॉस्फरसच्या काठावरच्या बेबेक भागात राहून त्यांनी मे १९४२ ते एप्रिल १९४५ या काळात ‘मिमेसिस’ लिहिले. होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या युरोपीय साहित्यात वास्तव कसे रंगवले गेले, याचा हा जर्मन ग्रंथ १९४६ मध्ये बर्न येथे प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकरणात वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसला म्हातारी दाई पाय धुताना मांडीवरच्या व्रणावरून ओळखते. ज्या शहरात हा ग्रंथ लिहिला गेला तिथल्या साहित्याचा त्यात मागमूस नाही.

पुस्तकाच्या अखेरीस आउअरबाख यांनी लिहिले की इस्तंबूलमध्ये युरोपीय अभ्यासाला पुरेशी ग्रंथालये नव्हती, नियतकालिके मिळत नव्हती, आणि कदाचित म्हणूनच हे पुस्तक लिहून झाले. सगळे संदर्भ हाताशी असते तर इतका व्यापक विषय हाती घेण्याचे धाडस झाले नसते. या काही ओळींवर पुढे एक इमारत उभी राहिली. जेरुसलेममध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले साहित्यसमीक्षक एडवर्ड सईद यांनी १९८३ च्या ‘द वर्ल्ड, द टेक्स्ट अँड द क्रिटिक’ या पुस्तकात आउअरबाख यांच्याकडे निर्वासित विचारवंताचा नमुना म्हणून पाहिले. आपल्या संस्कृतीपासून तुटल्यामुळेच त्यांना ती सबंध दिसली, हा सईद यांचा मुद्दा. तेव्हापासून ‘इस्तंबूलमधला एकाकी आउअरबाख’ ही प्रतिमा व्याख्यानांतून व्याख्यानांत फिरत राहिली.

साहित्याच्या अभ्यासक कादर कोनुक यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ईस्ट वेस्ट मिमेसिस’ या अभ्यासात तुर्की कागदपत्रांच्या आधारे ती प्रतिमा बरीच खाली आणली. शहरात ग्रंथसंग्रह होते, पुस्तकविक्रेते होते, सहकारी होते. गालाता भागातल्या डॉमिनिकन मठात लॅटिन धर्मग्रंथकारांची दोनशेहून अधिक खंडांची मालिका होती, आणि ती पाहण्याची परवानगी आउअरबाख यांना पोपचे प्रतिनिधी रोंकाली यांनी मिळवून दिली. हेच रोंकाली १९५८ मध्ये तेविसावे पोप जॉन झाले. शिवाय आउअरबाख यांना नोकरी देणारे तुर्की सरकार स्वतःच युरोपीय होण्याच्या घाईत होते. युरोपीय साहित्याचा इतिहास त्यांच्याकडून त्याला हवाच होता. म्हणजे आउअरबाख परके असले तरी अवेळी आलेले नव्हते. सईद यांच्या वाचनात जोर आहे, तरी कोनुक यांचा पुरावा नाकारता येत नाही.

या चित्रातून एक व्यक्ती सदैव गळते, ती म्हणजे दुभाषी. आउअरबाख यांनी तुर्की विद्यार्थ्यांसाठी रोमान्स भाषाभ्यासाची ओळख करून देणारे पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिले. ते १९४४ मध्ये छापले गेले ते सुहेयला बायराव यांच्या तुर्की भाषांतरात. मूळ फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध व्हायला १९४९ साल उजाडले. मुळाआधी भाषांतर, असा क्रम ग्रंथव्यवहारात विरळा. बायराव पुढे त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. अझ्रा एर्हात यांचे बालपण ब्रसेल्समध्ये गेले होते, त्यामुळे त्यांची फ्रेंच पक्की होती. त्या श्पित्झर यांच्या विद्यार्थिनी. नंतर अंकारात ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या गेओर्ग रोडे यांची व्याख्याने तुर्कीत आणू लागल्या. दुभाष्याचे काम करता करता त्यांनी ग्रीक आत्मसात केले आणि कवी आ. कादिर यांच्याबरोबर ‘इलियड’ तुर्कीत आणले. प्राध्यापक भाषेच्या एका बाजूला, विद्यार्थी दुसऱ्या. दोन्हींकडे ये-जा असलेले हे तिसरे माणूसच त्या विद्यापीठाचा टिकाऊ लाभ ठरले. निर्वासनाचा सिद्धांत एकटेपणावर इतका लुब्ध असतो की त्याला शेजारी उभे असलेले माणूस दिसत नाही.

सिद्धांताच्या गोंधळाचे दुसरे कारण म्हणजे एकाच शब्दाखाली कोंबलेले अनेक अर्थ. मराठीने ते वेगळे ठेवले आहेत. हद्दपार हा हुकुमाने घालवलेला. तडीपार पोलिसांनी जिल्ह्याबाहेर काढलेला. परागंदा हा फार्सीतून आलेला शब्द, विखुरला गेलेल्याचा. देशोधडीला लागणारा दारिद्र्यानेही लागतो. वनवासाला मुदत असते. आणि निर्वासित या शब्दावर फाळणीनंतरच्या छावण्यांची सावली आहे. इस्तंबूलमधले प्राध्यापक यांपैकी एकाच खान्यात बसत नाहीत. करारपत्र, सरकारी पगार आणि घर असलेली ही माणसे सुरुवातीला पाहुणे होती. २५ नोव्हेंबर १९४१ च्या जर्मन फर्मानाने परदेशी राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व गेले, तेव्हा त्यांतली ज्यू माणसे खरोखर बेवतन झाली. त्यांच्या तुर्की कागदपत्रांवर जर्मन ‘हाइमाटलोस’ हा शब्द तुर्की वळणाने लिहिला जाई. भाषाशुद्धीच्या त्या काळातही तो ‘हायमातलोस’ म्हणून तुर्की कोशात गेला, अर्थ राष्ट्रीयत्व नसलेला.

सगळ्यांसाठी दार उघडे नव्हतेच. रुमानियातून ज्यू निर्वासितांना पॅलेस्टाइनकडे नेणारी ‘स्ट्रूमा’ ही जुनाट बोट डिसेंबर १९४१ मध्ये इंजिन बिघडून इस्तंबूलच्या बंदरात थांबली. ब्रिटिश प्रवेशपत्र देईनात आणि तुर्की अधिकारी उतरू देईनात. दहा आठवड्यांनी ती ओढून काळ्या समुद्रात सोडली गेली. २४ फेब्रुवारी १९४२ रोजी सोव्हिएत पाणबुडीच्या मार्‍याने ती बुडाली. साडेसातशेहून अधिक माणसे गेली, एकच वाचला. ‘मिमेसिस’चे लेखन त्याच शहरात तीन महिन्यांच्या आत सुरू झाले. सईद यांनीही १९८४ च्या आपल्या निर्वासनावरील निबंधात बजावले होते की लेखकांच्या निर्वासनाची मोहिनी बाजूला सारून कागदपत्रे नसलेल्या अफाट गर्दीकडे पाहिले पाहिजे. त्यांची उद्धरणे देणारे हा भाग बहुधा गाळतात.

याच वर्षांत मध्य युरोपातून काही निर्वासित मुंबईलाही आले: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संगीतकार वॉल्टर काउफमान. लँगहॅमर, फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी प्रोग्रेसिव्ह गटातील तरुण चित्रकारांना दिलेला हात मुंबईच्या कलेतिहासात नोंदलेला आहे. पण या मंडळींवर मराठी किंवा गुजराती शिकण्याची पाळी आली नाही. दुभाष्याच्या खुर्चीवर इंग्रजी आधीच बसलेली होती. अडसर त्यामुळे दिसेनासा झाला, एवढेच. तो इंग्रजी येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुंबईकरांमध्ये जाऊन उभा राहिला. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी जर्मन पारपत्रधारकांना सरसकट शत्रू ठरवले. त्यांत ज्यूही आले, आणि अहमदनगरच्या छावणीत व पुढे पुरंदर-साताऱ्याच्या वस्त्यांत हिटलरचे बळी आणि हिटलरचे भक्त शेजारी राहिले. तुर्कस्तानने १९४४ मध्ये जर्मनीशी संबंध तोडल्यावर असेच स्थानबद्ध केलेल्यांना चोरुम, योझगात आणि किर्शेहिर या गावांत पाठवले.

किर्शेहिरला गेलेल्यांत वॉल्टर रूबेन होते. हे हॅम्बुर्गचे भारतविद्यापंडित. संस्कृत आणि भारतीय संस्कृती शिकवण्यासाठी ते १९३५ मध्ये अंकारात आले, कारण तिथे नुकत्याच निघालेल्या भाषा, इतिहास आणि भूगोल विद्याशाखेत प्राचीन संस्कृतींची खाती उघडत होती. अनातोलियाच्या पठारावर जर्मन प्राध्यापकाकडून तुर्की मुले संस्कृत शिकत होती. रूबेन यांनी मधल्या काळात भारतात येऊन छोटा नागपूरच्या असुर या लोखंड गाळणाऱ्या जमातीचा अभ्यास केला आणि त्यावर १९३९ मध्ये पुस्तक काढले. अंकारातले भारतविद्येचे खाते आजही चालू आहे.

त्या विद्याशाखेची इमारत ब्रूनो टाउट यांची. हे वास्तुकारही निर्वासितच. जपानमार्गे तुर्कस्तानात आले. १९३८ च्या नोव्हेंबरात अतातुर्कच्या शवमंचाची रचना त्यांनी केली, पुढच्याच महिन्यात ते स्वतः वारले आणि इस्तंबूलच्या एदिर्नेकापी शहीद दफनभूमीत पुरले गेले. बाकीचे पांगले. फॉन मीझेस हार्वर्डला, आउअरबाख अमेरिकेत आणि अखेर येलला, हिर्श १९५२ मध्ये बर्लिनला. श्पित्झर यांच्या मागोमाग आलेले त्राउगोट फुक्स मात्र इस्तंबूलमध्येच शिकवत राहिले आणि १९९७ मध्ये तिथेच वारले.

टाउट यांच्या अंकारातल्या इमारतीत १९४८ मध्ये, १९३३ नंतरची दुसरी छाटणी झाली. शीतयुद्ध सुरू झाले होते, डाव्या विचारांच्या अध्यापकांविरुद्ध ओरड होती. लोककथांचे अभ्यासक पेर्तेव नाइली बोराताव, समाजशास्त्रज्ञ नियाझी बेर्केस आणि बेहिजे बोरान यांची पदेच संसदेने अर्थसंकल्पातून रद्द केली. अझ्रा एर्हात यांचीही नोकरी गेली. रूबेन यांचा करार संपला आणि ते चिलीला निघाले. बोराताव पुढे पॅरिसला गेले आणि तुर्की लोककथांवर फ्रेंचमध्ये लिहू लागले. बेर्केस १९५२ मध्ये मॉन्ट्रियलला गेले आणि तुर्कस्तानच्या आधुनिकतेचा इतिहास त्यांनी इंग्रजीत शिकवला.